स्वस्तातला पाहुणा

गेल्या वर्षी मी सहा आठवडे एकटाच फिरून आलो. ॲडलेडहून बसने ॲलिस स्प्रिंग्ज, तिथून केर्न्स, मग क्वीन्सलंडच्या किनाऱ्याने खाली ब्रिस्बेनपर्यंत आणि शेवटचे बारा दिवस फिजी. परत आल्यापासून मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभा राहिलो की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'एकटाच? आणि वहिनी?' दुसरा, आवाज जरा खाली आणून, 'एकूण खर्च किती आला रे?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हिची नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि माझी दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधली सुट्टी. कन्सल्टंट माणसाला ही सुट्टी मागून मिळत नाही, ती अंगावर येते. दुसऱ्याचं उत्तर म्हणून मी आकडा सांगतो आणि समोरच्याचे डोळे चमकतात. डॉर्ममधली खाट, रात्रीचा बसप्रवास (म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचलं), स्वतःच्या हातची खिचडी, कौन्सिलच्या बागेतला फुकटचा बार्बेक्यू. एका गाडीवाल्या कंपनीची कॅम्परव्हॅन दिवसाला एक डॉलर भाड्याने दुसऱ्या गावी पोचवायचं कामही मी केलं. हे ऐकून मंडळी खूश होतात. मराठी माणसाला स्वस्तात झालेल्या प्रवासाची गोष्ट प्रवासापेक्षाही जास्त आवडते!

पण त्या सहा आठवड्यांत माझ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घोळत होता, जो अजून कुणी विचारलेला नाही. मी जे पैसे वाचवले, ते नेमके कुणाच्या खिशातून वाचले? माझ्याच, की आणखी कुणाच्या? त्याचाच विचार या लेखात करायचा आहे. तेव्हा प्रवासवर्णन थोडं कमी आणि हिशेब थोडा जास्त, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. पैसे न खर्चण्यासाठी आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत: काटकसर, चिक्कूपणा आणि फुकटेपणा. काटकसर करणारा स्वतःची गरज कमी करतो. चिक्कू माणूस दुसऱ्याला द्यायचं असतं ते कमी करतो. फुकट्या आपली गरज आहे तेवढीच ठेवतो, फक्त बिल दुसऱ्याकडे सरकवतो. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तिघेही अगदी सारखे दिसतात. माणूस म्हणून मात्र तिघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आपले आईवडील काटकसरीत वाढले. एसटीचा लाल डबा, धर्मशाळा, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात कुणाचं काही ओरबाडलं जात नव्हतं. आणि फुकट मिळालेली प्रत्येक गोष्ट म्हणजे फुकटेपणा, असंही नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला गावोगाव जेवण मिळतं. त्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. तो उन्हापावसात चालतो, मिळेल तिथे पथारी टाकतो आणि जेवू घालणाऱ्याला वाटतं, आपलीही वारी घडली. घेणारा आणि देणारा दोघंही एकाच कामात सामील असतात. म्हणजे प्रश्न पैसे दिले की नाही एवढाच नाही. घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नातं काय, हा खरा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक हॉस्टेलांच्या स्वयंपाकघरात एक फळी असते. पुढच्या गावी निघालेले प्रवासी उरलेला तांदूळ, अर्धी तेलाची बाटली, पास्त्याचं पाकीट तिथे ठेवून जातात. ज्याला हवं त्याने घ्यावं. माझ्या निम्म्या खिचड्या या फळीच्या जिवावर झाल्या. निघताना मीही मुगाची डाळ आणि हळद ठेवून जायचो. (त्या हळदीचं पुढे कुणी काय केलं असेल, देव जाणे.) कुणी लिहून ठेवत नाही, कुणी तपासत नाही, तरी ती फळी वर्षानुवर्षं भरलेली राहते. स्वस्त प्रवासाचं हे सगळ्यात प्रामाणिक रूप मला वाटलं.

पण त्याच स्वयंपाकघरात दुसरीही गोष्ट कळते. तिथली निम्मी पोरं सुट्टीवर आलेली नसतात, शेतावर कामाला असतात. वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेल्या बऱ्याच देशांच्या तरुणांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात ८८ दिवसांचं ठरावीक काम करावं लागतं. २०२४ पासून दरवर्षी सोडतीने आपल्या एक हजार भारतीय मुलामुलींनाही अशा प्रकारचा व्हिसा मिळू लागला आहे. ही पोरं टोमॅटो, स्ट्रॉबेरी, लिंबं तोडतात. पूर्वी किती टोपल्या भरल्या त्यावर मजुरी मिळे, आणि हात सराईत नसलेल्याच्या पदरी तासाला अगदीच थोडे पैसे पडत. शेवटी फेअर वर्क कमिशनने निकाल दिला आणि एप्रिल २०२२ पासून टोपलीवर काम करणाऱ्यालाही तासाची किमान मजुरी देणं बंधनकारक झालं. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षं सुपरमार्केटमधून आपण स्वस्त स्ट्रॉबेरी आणली, तेव्हा उरलेली किंमत कुठल्या तरी पोराच्या पाठीने भरली होती. आपण ती भरली नाही एवढंच.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याने बस जाते तेव्हा मॅकाय आणि बंडाबर्गच्या आसपास तासन् तास उसाची शेतं दिसतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला घरची आठवण यावी असा देखावा! या उसाचा इतिहास मात्र गोड नाही. १८६३ ते १९०४ या काळात वानुआतू, सॉलोमन आणि इतर बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं क्वीन्सलंडला मजुरीसाठी आणली गेली. काही करार करून, काही फसवून, काही चक्क पळवून. या धंद्याला इथे 'ब्लॅकबर्डिंग' म्हणतात. मग १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक देश झाला आणि त्याच वर्षी कायदा करून यातल्या बहुतेकांना परत पाठवण्याचं ठरलं. काम झालं, पाहुण्यांनी आता जावं!

फिजीत हीच गोष्ट आपल्या माणसांच्या बाबतीत घडली. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' नावाचं जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन तिथे पोचलं. १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसं गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची आणि पुढे दक्षिणेतली. पाच वर्षांचा करार. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ते गिरमिटिये झाले. तिथल्या साखरेवर मुख्य हुकमत होती कॉलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीची, आणि ती कंपनी होती आपल्या सिडनीची. सिडनीच्या चहात पडणारी साखर स्वस्त असावी म्हणून कोण कुठे राबलं, याचा हिशेब ना त्या चहाच्या कपावर होता ना साखरेच्या पोत्यावर.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं, त्याचा माझ्या बसच्या तिकिटाशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. मला संबंध वाटतो तो एवढाच: स्वस्ताई आकाशातून पडत नाही. एखादी गोष्ट आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त मिळाली, तर दोनच शक्यता असतात. एक तर मी स्वतः काही सोडलं आहे (मऊ गादी, झोप, वेळ), नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी काही सोडावं लागलं आहे. पहिली काटकसर. दुसरीचं नाव आपण वर पाहिलंच.

काटकसरी प्रवाशाचा आणखी एक शत्रू असतो. त्याचं नाव 'पैसा वसूल'. एवढे हजार किलोमीटर आलो, एवढे पैसे मोजले, आता सगळं पाहणार, सगळीकडे चढणार! उलुरूच्या पायथ्याशी मला हा शत्रू स्पष्ट दिसला. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती जमीन अनांगू लोकांना परत केली आणि लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. अनांगूंनी पुढची कित्येक वर्षं पायथ्याशी फलक लावून विनंती केली की कृपा करून वर चढू नका. त्यामागे त्यांच्या पूर्वजांच्या वाटेचं पावित्र्य होतंच, पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. या चढणीवर आजवर ३० हून अधिक माणसं दगावली. आपल्या जमिनीवर आलेल्या पाहुण्याचं बरंवाईट झालं तर त्याचं दुःख आणि जबाबदारी आपली, असं अनांगू मानतात. म्हणजे यजमान सांगत होता, 'बाबा रे, पडशील, आम्हाला वाईट वाटेल,' आणि पाहुणा म्हणत होता, 'मी तिकीट काढलंय.' अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. त्याआधीच्या आठवड्यांत वर चढणाऱ्यांची रांग लागली होती, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बंद होणार म्हटल्यावर वसुलीची घाई!

मी खालून प्रदक्षिणा घातली. सुमारे दहा किलोमीटर. गडावर गेल्यावर बुरुजाच्या टोकावर उभं राहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा मी माणूस. पण देवळाला प्रदक्षिणा घालताना कळसावर चढावंसं आपल्याला कधी वाटत नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं. तिकीट आपल्याला आत येऊ देतं. घर आपल्या नावावर करून देत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक बारीक भेद केला आहे. परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला शत्रू समजून हाकलू नये, एवढा हक्क प्रत्येक माणसाला आहे, कारण पृथ्वी गोल आहे आणि आपण सगळे तिच्यावर दाटीने राहतो. पण हा झाला भेट देण्याचा हक्क. घरात पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नव्हे. तो यजमानाने द्यायचा असतो. युरोपीय देशांनी 'भेट' म्हणता म्हणता जमिनीच बळकावल्या, जणू तिथे राहणारी माणसं खिजगणतीतच नव्हती, असं त्याने त्या काळात स्पष्ट लिहिलं. कुकचं जहाज १७७० साली बॉटनी बेला लागलं, तो अशाच भेटीचा दिवस. ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती ही समजूत ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने माबो खटल्यात फेटाळली ती १९९२ साली. एवढ्या उशिरा!

आता फिजी. विमान उतरतं त्या गावाचं नाव 'नांदी'. नाटकवेड्या मराठी माणसाला याहून चांगला शकुन कोणता? बस-स्टँडवर बटाट्याची भाजी गुंडाळलेलं 'रोटी पार्सल' घेतलं आणि बिनकाचेच्या खिडक्यांच्या लोकल बसमध्ये बसलो. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर बसले होते, मूळचे फिजियन. सिंगातोकापर्यंत गप्पा झाल्या आणि त्यांनी सरळ गावी राहायला यायचं आमंत्रण दिलं. बरोबर बायकामुलं आणि चार बॅगा असत्या तर हे झालं नसतं. कुटुंबाबरोबर आपण आपलं घर सोबत घेऊन फिरतो, थेपले-चिवड्यासकट. एकटा माणूस मात्र दुसऱ्यांच्या भरवशावर असतो, आणि ते दुसऱ्यांनाही दिसतं.

गावात जाण्याआधी मास्तरांनी मला बाजारात नेलं आणि अर्धा किलो यांगोना घ्यायला लावलं. म्हणजे कावाची मुळं. ती गावच्या प्रमुखापुढे ठेवायची आणि मग गावात राहण्याची परवानगी मिळते. याला 'सेवूसेवू' म्हणतात. टोपी काढायची, कमरेला सुलू गुंडाळायचा, चटईवर बसून करवंटीतून कावा प्यायचा (चव मातकट, जीभ बधिर), टाळी वाजवायची. मला हे सगळं परकं वाटेना. कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, शेतातलं नवं काही निघालं की आधी चार घरी वानवळा पाठवावा, शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे सगळं आपण आजीकडून शिकलोच होतो. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ च्या सुमारास पॅसिफिकमधल्या देण्याघेण्यावरच एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की भेट कधीच फुकट नसते. ती घेणाऱ्याला देणाऱ्याशी बांधून ठेवते. आजीने मॉस वाचला नव्हता. तिला फक्त भांडं रिकामं देववत नव्हतं.

जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. मी म्हटलं, 'हे तर आमच्या लग्नाच्या पंगतीतलं अळू!' दोघं नवराबायको हसले. रात्री त्यांनी मला घरातली एकुलती एक खाट दिली आणि स्वतः चटईवर झोपले. मी पुष्कळ नको म्हटलं. तीन रात्री हेच.

आता माझ्या हिशेबात या तीन रात्री कुठल्या खात्यात मांडायच्या? खर्च शून्य. पण ते घर माझ्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत चालणारं. तिथे खाटेचे पैसे काढून ठेवले असते तर त्यांनी घराची खानावळ केली असती. काहीच न देता निघालो असतो तर तो सरळ फुकटेपणा. मी गावातल्या दुकानातून तांदूळ, साखर, पीठ आणून दिलं, शाळेसाठी वह्या घेतल्या. ते त्यांनी आनंदाने घेतलं. तरी हिशेब जुळला असं मला वाटलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री मास्तर सहज म्हणाले, 'आमचा पुतण्या तुमच्याच देशात आहे.' पॅसिफिकच्या बेटांवरून माणसं आता सरकारी योजनेखाली ऑस्ट्रेलियात येतात, शेतावर, खाटीकखान्यात, वृद्धाश्रमात कामाला. हा न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला ब्लूबेरी तोडतो. करार आहे, मजुरी आहे, दर महिन्याला पैसे येतात, घराचं नवं छप्पर त्यातूनच झालं. तक्रार काही नाही. मग थोडं थांबून मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, 'तिथे त्याला कुणी घरी जेवायला बोलावलं की नाही, हे मात्र तो सांगत नाही.'

त्यात टोमणा नव्हता. आईच्या मायेने केलेली चौकशी होती. पण माझा सगळा हिशेब त्या एका वाक्यात समोर आला. मी त्यांच्या खाटेवर झोपत होतो आणि त्यांचा मुलगा माझ्या देशात, माझ्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर, माझ्या मुलांच्या डब्यात जाणारी फळं तोडत होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हा सगळा भावनेचा खेळ झाला. गरीब देशाला पैसे हवे असतात, तेव्हा सरळ महागड्या रिसॉर्टमध्ये राहा, भरपूर खर्च करा, त्यातच त्यांचं भलं आहे. यात तथ्य आहे. घासाघीस करून हस्तकलेच्या दुकानात पाच डॉलर वाचवणाऱ्यापेक्षा न कुरकुरता पैसे देणारा कधीही बरा. पण रिसॉर्टच्या बिलातलं किती त्या बेटावर राहतं आणि किती परदेशी मालकाकडे जातं, हे बिल सांगत नाही. लोकल बस, बाजारातली म्हातारी, रोटी पार्सलवाला यांच्याकडे गेलेले थोडे पैसे थेट पोचतात. म्हणून महाग म्हणजे नीतिमान आणि स्वस्त म्हणजे अनीतिमान, किंवा त्याच्या उलट, असा सोपा नियम करता येत नाही.

आणि एक किंमत तर दोघांच्याही बिलात नसते. फिजीतलं वुनिदोगोलोआ हे गाव समुद्र आत शिरू लागल्यामुळे २०१४ साली उठवून उंचावर वसवावं लागलं. वानुआतूने पुढाकार घेतला म्हणून हवामानबदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने आपलं मत दिलं. त्याची सुरुवात तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. विमानाचं तिकीट सेलमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी धूर तेवढाच निघतो. यावर माझ्याकडे सोपा तोडगा नाही. कमी वेळा जावं, गेलं की जास्त दिवस राहावं, एवढंच मी स्वतःपुरतं ठरवलं आहे.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं सर्वांना माहीत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, माणसांचं ऋण. आणि ते फेडायचा मार्ग तिथे अगदी साधा आहे: माणसांना आसरा द्यावा आणि जेवू घालावं. हे ऋण ज्याने दिलं त्यालाच परत करावं असं नाही, हे त्यातलं मर्म. मास्तर सिडनीला येणार नाहीत. मला तीन रात्रींची परतफेड त्यांच्या दारात करता येणार नाही. पण ज्याच्यासाठी ती करता येईल तो इथेच आहे.

आणि मंडळी, हे ऋण फक्त माझ्यासारख्या भटक्याचं आहे का? मी २००३ साली मास्टर्ससाठी दोन बॅगा घेऊन या देशात उतरलो तेव्हा ज्या मराठी घराने मला पहिले आठ दिवस ठेवून घेतलं, त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात असं एक घर असतं. आज आपल्या प्रत्येकाकडे एक जास्तीची बेडरूम आहे. तिच्यात एक्सरसाइझ बाइक आणि गणपतीच्या मखराचं सामान असतं.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिला आठवडा ठेवून घ्यायला तयार असलेल्या घरांची एक यादी करावी. आणि आपली जी कुटुंबं शेतीच्या गावांत राहतात, त्यांनी सणाला तिथल्या बेटांवरच्या एकदोघा कामगारांना जेवायला बोलवावं. त्यांना आपलं जेवण तिखट लागेल, पण अळू नक्की ओळखतील.

मास्तरांच्या पुतण्याचा फोन नंबर मी घेऊन आलो आहे. शेत आमच्या घरापासून सहा तासांवर आहे. दिवाळीत त्याला दोन दिवस सुट्टी मिळणार आहे आणि मी त्याला आणायला जाणार आहे. हिने एक्सरसाइझ बाइक गराजमध्ये हलवायला सांगितली आहे.